कोसा माणसाळवण्याचा उद्योग

माणसाळणे हा शब्द मी पहिल्यांदा एका जावयाबद्दल ऐकला. आमच्या वर्धेकडच्या गावात शेजाऱ्यांचा नवा जावई पहिल्यांदाच मुक्कामाला आला होता. दोन दिवस तो ओसरीवरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं आपणहून लोणचं मागितलं, तेव्हा माझी आई शेजारणीला म्हणाली, "माणसाळला गं बाई एकदाचा!" पुढे हाच शब्द बाजारातून आणलेल्या म्हशीबद्दल ऐकला, बदलून आलेल्या पोस्टमास्तरबद्दल ऐकला, कुंपणावरून फिस्कारणाऱ्या मांजरीबद्दल ऐकला. म्हैस दावणीला बांधली की ती पाळलेली झाली. माणसाळली असं मात्र लोक त्या दिवशी म्हणत, ज्या दिवशी ती धार काढणाऱ्याला लाथ मारायची थांबे. म्हणजे पाळायचं काम माणसाचं आणि माणसाळायचं म्हशीचं, तेही तिच्या मनात आलं तर.

एवढी साधी गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. तरी तेविसाव्या वर्षी मी मास्तर झालो आणि विसरलो. मास्तर झाल्यावर माणूस बरंच काही विसरतो, पण माझ्या या एका विसरण्यापायी दुसऱ्याची झाडं उजाड झाली, म्हणून ते सांगायचं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चांदा जिल्ह्यात, गडचिरोली तहसिलीत, वैनगंगेच्या काठच्या एका गावी माझी नेमणूक झाली. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल आणि मध्ये चार वर्गांची एका खोलीची शाळा. माझ्याआधी दोन वर्षं तिथं मास्तरच नव्हता. आधीचा जो होता तो हिवतापानं बेजार होऊन गेला, तो परत फिरकला नाही. त्यामुळे मी बैलगाडीतून उतरलो तेव्हा गावानं मला नवरदेवासारखं उतरवून घेतलं आणि मी, अर्थातच, पहिल्याच पावलाला शेणात पाय घालून घसरलो. सगळे हसले. मग मीही हसलो. त्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं की आपली फजिती आपणच रंगवून सांगितली की गाव आपलं होतं. मी दर संध्याकाळी चावडीपाशी बसून एकेक फजिती सांगू लागलो. घडलेल्या संपल्या तशा न घडलेल्या सांगू लागलो. बैलानं माझं धोतर खाल्लं ही त्यातलीच. बैलानं फक्त चावलं होतं.

चौथीच्या वर्गात एक दिवस मी फळ्यावर दोन खण काढले. एकावर लिहिलं 'रानटी प्राणी', दुसऱ्यावर 'माणसाळलेले प्राणी'. पोरांनी भराभर सांगितलं. वाघ, अस्वल, रानडुक्कर इकडे. गाय, बैल, कुत्रा, कोंबडी तिकडे. मग मागून आवाज आला, "गुर्जी, कोसा कुठी लिवाचा?"

मी कापसाच्या मुलखातला माणूस. कोसा म्हणजे लग्नात म्हातारे लोक नेसतात ते मळकट पिवळं धोतर, एवढंच मला माहीत. मी खडू हातात धरून उभा राहिलो. तेव्हा शाळेच्या पडवीतून कोणीतरी हसलं.

"तो दोन्ही खणांत बसत नाई जी गुर्जी!"

हसणारा माणूस पन्नाशीपुढचा, कोरड्या अंगाचा ढिवर. गावात सगळ्यात थंड सावली शाळेच्या पडवीची, म्हणून तो तिथं जाळं विणत बसायचा आणि फुकटात चौथी शिकायचा. ढिवर म्हणजे नदीवर जगणारी माणसं. मासोळी धरतात, डोंगा चालवतात. पण यांच्यातली काही घरं पोळा झाल्यावर दिवाळीपर्यंत नदीकडे पाठ फिरवतात आणि जंगलात जातात. तिथं ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात. अंडी घरी, मडक्यात जपायची. अळ्या बाहेर पडायच्या सुमारास पानांच्या द्रोणांतून झाडाला काट्यानं टोचून ठेवायची. पुढे दीड महिना अळ्या ऐनाचा पाला खाणार आणि हा माणूस झाडाखाली झोपडीत राहून त्यांची राखण करणार. कावळ्याला गुलेल, मुंग्यांना बुंध्याभोवती राख, माकडाला आरडाओरडा. शेवटी अळी आपल्याभोवती अंड्याएवढा टणक कोश विणते. कोश विकायचे आणि त्यांतले चांगले निवडून पुढच्या खेपेच्या बियाण्याला घराच्या आढ्याला माळा करून टांगायचे. या ढिवरभाऊंच्या घरचं बियाणं त्यांच्या आज्यापासून तुटलेलं नव्हतं. कधी कुणाकडून आणावं लागलं नव्हतं. या एका गोष्टीचा त्यांना ताठा होता. बाकी माणूस मऊ भातासारखा.

त्या दीड महिन्याचे नियम कडक. भाऊ एकवेळ जेवायचे. डोक्याला तेल नाही, दाढी नाही, पायात वहाण नाही. घरातसुद्धा मासोळी शिजायची नाही, आणि ढिवराच्या घरी मासोळी शिजायची नाही म्हणजे काय ते ढिवरालाच विचारावं. बायकोनं जेवण आणायचं ते झाडांच्या अलीकडच्या दगडावर ठेवून मागच्या मागे फिरायचं. आणि तिथं अळीला अळी किंवा किडा म्हणायचं नाही. पाहुणा म्हणायचं.

मी पहिल्यांदा पाहायला गेलो तो डोक्याला वासाचं तेल चोपडून. भाऊंनी वीस पावलांवरून हात वर केला.

"थांबा जी! माहेरी चालले का नटून? पाहुण्याईले वास येते."

मग मला ओढ्यात बसवून राखेनं डोकं धुवायला लावलं. बाई, म्हणजे भाऊंची बायको, दगडावर डबा ठेवून परत चालल्या होत्या, त्या थांबून पदराआड हसल्या. "चांगलं घासा, गुर्जी. तेल जाईन, बाकी काई जात नाई."

तर असं मला आत घेतलं. मान वर करून पाहिलं तर पानापानाखाली अंगठ्याएवढ्या हिरव्या अळ्या आणि जंगलभर बारीक पाऊस पडावा तसा त्यांच्या खाण्याचा आवाज. मला तो फार आवडला. कदाचित तो आवडला नसता तर पुढचं झालं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीच्या बाजारात रद्दीत मला एक पातळ पुस्तिका मिळाली. रेशमाच्या किड्याची माहिती. त्यात लिहिलं होतं की तुतीवरचा रेशमी किडा माणसानं हजारो वर्षं घरात वाढवून इतका माणसाळवला आहे की आता तो रानात जगतच नाही. ताटात पाला घालावा लागतो. पाखरू होतं तेही उडू शकत नाही. आणि टसरचा, म्हणजे आपल्या कोशाचा किडा मात्र अजून अर्धा रानटी आहे. मला वाटलं, झालं! फळ्यावर नसलेल्या तिसऱ्या खणाचं उत्तर आपणच द्यायचं. मी पुस्तिका घेऊन थेट पडवीत गेलो आणि भाऊंना वाचून दाखवली.

त्यांनी जाळ्याची गाठ मारत सगळं ऐकून घेतलं. "उडत नाई?"

"नाही."

"भूक लागली तर पाल्यापाशी चालत बी जात नाई?"

"गरजच नाही. माणूस देतो ना."

"मंग तो जिता हाये का मेला?"

"भाऊ, तो माणसाळला आहे. तुमचाही माणसाळेल. घरात वाढवायचा. कावळे नाहीत, मुंग्या नाहीत, रानात झोपणं नाही."

"पाहुण्याले कोनी पाळते का जी?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पण भाऊंना जेवायला बोलवायला आलेल्या बाई दारात उभ्या होत्या. भाऊंना त्या वर्षी गुडघ्यानं धरलं होतं आणि अळ्या एका झाडावरून दुसऱ्या झाडावर न्यायला ऐनावर चढावं लागतं. मागच्या खेपेला ते फांदीवरून सटकले होते. दोघांना मूल नव्हतं, त्यांच्यानंतर त्या झाडांवर चढणारं कोणी नव्हतं.

"देऊन पाहा ना," बाई म्हणाल्या. "दोन द्रोण. तेवढ्यानं काई कमी नाई पडत. गुर्जी घरात करून दाखवन, तं पुढच्या साली तुमी खालीच राहा."

"तुले समजते का काई?"

"मले तुमचा गुडघा समजते."

पोळा झाला. भाऊंनी आपली अंडी झाडांना लावली आणि माझ्या हातात दोन द्रोण ठेवले. ठेवताना म्हणाले, "हे आमच्या आज्याचे पाहुणे हायेत, गुर्जी. सारा शिकवाले नाई देल्ले." सारा म्हणजे शाळा. मी मोठ्या मास्तरी गांभीर्यानं मान हलवली.

मग माझ्या शाळेचं जे झालं ते चावडीवर सांगण्यासारखंच होतं, आणि मी सांगितलंही. मडक्यांत पाणी घालून त्यांत ऐनाच्या फांद्या उभ्या केल्या, अळ्या त्यांवर सोडल्या, खिडक्यांना जुनं मच्छरदाणीचं कापड ठोकलं. पहिले चार दिवस मी विजयी. पाचव्या दिवशी अळ्या फांद्या सोडून चालू लागल्या. पाला दुपारपर्यंत कोमेजायचा आणि त्यांना कोमेजलेला पाला चालत नसे. त्या भिंतीवर चढल्या, फळ्यावर चढल्या, हिंदुस्थानच्या नकाशावर दोन मद्रासेत आणि एक काश्मिरात पोचली. मी पाढे म्हणवून घेताना पोरं सात साते एकोणपन्नासच्या पुढे जाईनात. "गुर्जी, तुमच्या मानेवर पाहुणा!" मी मान न हलवता उरलेला पाढा स्वतः म्हटला.

भाऊ एकदा दुपारी ओढ्यावरच्या अंघोळीनंतर येऊन दारात उभे राहिले. आत आले नाहीत. बराच वेळ पाहून म्हणाले, "इथी वारा कुठी हाये?"

"सवय होईल त्यांना, भाऊ. माणसाळतील."

"कावळे बी माह्या झाडाईवर रोज येते," ते म्हणाले. "त्याले मानसाळनं नाई म्हनत जी. सोकावनं म्हनते." आणि निघून गेले.

सोकावण्याचं म्हणाल, तर त्या खोलीत खरा सोकावलेला प्राणी मीच होतो. सहा आठवडे भाऊंच्या घरची मासोळी बंद, त्यामुळे माझीही बंद, कारण मी त्यांच्याच घरून जेवत असे. अंबाडीची भाजी आणि भात, भात आणि अंबाडीची भाजी. मी बाईंना रोज थट्टेत म्हणायचो, "बाई, तुमच्या पाहुण्यांचे नियम मला का? मी काही कोश विणणार नाही." आठ-दहा दिवस त्यांनी हसून सोडलं. मग एका दुपारी त्या पानात झाकून मासोळ्या घेऊन आल्या. शेजारणीच्या चुलीवर शिजवल्या होत्या, घरात नाही. "आज तेवढी खा, अना उद्यापासून तोंड बंद," म्हणाल्या. मी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड वाकडं केलं, तर त्यांनी पुन्हा आणल्या. फक्त दोनदाच. पण दोनदा.

तिसऱ्या आठवड्यात शाळेतल्या अळ्या मरू लागल्या. आधी सुस्त व्हायच्या. मग खाणं सोडायच्या. मग मागच्या पायांनी फांदीला धरून डोकं खाली करून लोंबायच्या आणि अंगातून काळपट पाणी गळायचं. वास असा की पोरं पडवीत जाऊन बसली. दोन द्रोणांतल्या अळ्यांपैकी चाळीसेक उरल्या, त्याही मलूल. आता भाऊंना काय सांगायचं? मी त्यांच्या आज्याचं बियाणं मारलं, असं? मी, ज्यानं पुस्तिका वाचून दाखवली होती?

मला एक युक्ती सुचली. माझ्या सगळ्या फजित्या या वाक्यानं सुरू होतात. वाटलं, कोंडल्यामुळे आजारी पडल्या, मोकळ्या वाऱ्यात बऱ्या होतील. भाऊंच्याच झाडांवर हळूच सोडून द्याव्या. त्यांच्यात मिसळल्या की कुणाच्या कोणत्या हे समजणारही नाही, आणि मला सांगता येईल, 'भाऊ, तुमचंच खरं, मी परत आणून सोडल्या.'

रविवार होता. मी ओढ्यात अंघोळ करून, राखेनं डोकं घासून, अगदी नियमानं गेलो. टोपलीत वर पाला, खाली अळ्या. भाऊ जेवणासाठी दगडाकडे निघाले होते.

"जा भाऊ, सावकाश जेवा. मी कावळे हाकतो."

"नीट पाहाल ना जी?"

"अहो, मी आहे ना."

त्यांनी गुलेल माझ्या हातात दिली. ती गुलेल ते कुणाला देत नसत. ते वळणाआड गेले तसा मी पाच-सहा झाडांच्या खालच्या फांद्यांना अळ्यांसकट डहाळ्या शाळेतल्या सुतळीनं बांधल्या. मनातून मला बरं वाटत होतं. आपण त्यांना घरी पोचवतो आहोत, असं.

पंधरा दिवसांत ते सगळं रान लोंबू लागलं. आधी ती पाच-सहा झाडं, मग शेजारची, मग सगळी. अंगठ्याएवढ्या झालेल्या अळ्या, आता दोन-चार दिवसांत कोश विणायच्या, त्या पानापानाखाली डोकं खाली करून टांगलेल्या. खाण्याचा तो आवाज थांबला. भाऊ झाडाखाली बसून होते. गुलेल बाजूला पडली होती आणि कावळे अगदी खालच्या फांदीवर येऊन बसले होते. त्यांनी त्यांना हाकललं नाही.

सगळ्यात मोठ्या ऐनाखाली शेंदूर लावलेला दगड होता. तिथं भाऊंनी नारळ फोडला आणि घरी येऊन ओसरीवर बसले. मीही तिथंच होतो. त्यांनी आधी स्वतःचं सगळं आठवून पाहिलं. वहाण घातली नाही. तेल नाही. जेवण एकदाच. मग बाईंकडे पाहून विचारलं, रागानं नाही, अगदी थकून, "तुह्या हातून काई झालं का वं?"

बाई तांदूळ निवडत होत्या.

"मासोळ्या शिजवल्या मी," त्या म्हणाल्या. "दोनदा. शेजारच्या घरी. अना त्याच हातानं तुमचं जेवण आणलं."

"कायले?"

"मन झालं."

एवढंच. कुणासाठी ते त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी समोर पाटावर बसलो होतो, तोंड उघडून सांगायला एक क्षण पुरला असता. मी तो क्षण जाऊ दिला. चावडीवर स्वतःच्या मूर्खपणाच्या शंभर गोष्टी सांगणारा मी, खरी एकच होती ती गिळून बसलो. भाऊ बाईंना एक शब्द वाकडा बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी बाईंच्या हातून पाण्याचा तांब्या घेणं बंद केलं. स्वतः उठून रांजणातून घ्यायचे, त्या दुखऱ्या गुडघ्यानं.

काही दिवसांनी मी ती पुस्तिका पुन्हा काढली. शेवटची चार पानं मी पूर्वी वाचलीच नव्हती. तिथवर यायच्या आत मला माणसाळवायची घाई झाली होती. त्यांत रोगांची माहिती होती. अळ्या डोकं खाली करून लोंबू लागल्या तर त्या ताबडतोब वेचून जाळाव्या, निरोगी अळ्यांजवळ कदापि नेऊ नयेत. 'कदापि' शब्द ठसठशीत छापला होता. मी ते पान वाचलं आणि पुस्तिका चुलीत घातली. अळ्या जाळायच्या होत्या, मी पुस्तिका जाळली. तेवढंच मला जमलं.

आढ्याला त्या वर्षी माळ लागली नाही. रिकाम्या दोऱ्या तशाच लोंबत राहिल्या.

पुढच्या वैशाखात माझी बदली झाली. नदीपलीकडे सोडायला भाऊंनी स्वतः डोंगा काढला. बाईही बसल्या, त्यांना पलीकडच्या बाजारात जायचं होतं. सकाळची वेळ, पाणी उथळ आणि स्वच्छ. मी ठरवूनच बसलो होतो. धार मागे पडल्यावर म्हणालो, "भाऊ, एक सांगायचं आहे. तुमचे पाहुणे मी मारले."

"तुमी?"

मग मी सगळं सांगितलं. रविवार, टोपली, पाल्याखालच्या अळ्या, सुतळी, पुस्तिकेतलं शेवटचं पान. मासोळ्या कुणी खाल्ल्या तेही. सांगताना मी, सवयीनं, मध्येच एक-दोन विनोद घातले. टोपली घेऊन जाताना धोतर कसं काट्यात अडकलं वगैरे. आजही ते आठवलं की मला माझ्याच तोंडात मारावीशी वाटते.

भाऊंनी वल्हं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा सैल होत होत ते हसायला लागले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"वा रे गुर्जी! बाईले वाचवाले सांगून राह्यले ना?"

"भाऊ, खरंच."

"हो, हो. बैलानं तुमचं धोतर खाल्लं, तेवढंच खरं. मोठ्या मनाचे हा तुमी! जाता जाता दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेऊन राह्यले." ते डोळे पुसत बाईंना म्हणाले, "आयकलं का वं? असा मास्तर भेटाचा नाई गावाले."

बाई पाण्याकडे पाहत होत्या. "पाय वर घ्या गुर्जी," त्या म्हणाल्या, "चपलेत पानी जाऊन राह्यलं."

काठाला लागल्यावर भाऊ डोंगा बांधायला खाली उतरले, तेवढ्यात बाईंनी माझी वळकटी माझ्याकडे दिली. हळूच म्हणाल्या, "मले ठाऊक होतं जी. फांदीले सुतळी होती. सारेची."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुमाले गावात राहू देल्लं असतं का? दोन साल सारा बंद होती. पोट्टे म्हशीमागं हिंडत होते." मग म्हणाल्या, "आता तुमीच सांगतलं. तो मानत नाई, त्याले मी काय करू?"

मी ब्रह्मपुरीकडच्या शाळेत रुजू झालो. तिथंही संध्याकाळी लोक जमत आणि गोष्ट सांगा म्हणत. मी इतर सांगायचो, ही नाही.

दोन वर्षांनी, पोळ्यानंतरच्या आठवड्यात, ब्रह्मपुरीच्या बाजारात बाई दिसल्या. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं. एका बैलगाडीपाशी उभ्या होत्या. मला पाहून त्यांना खरंच आनंद झाला; शाळेत लेकरं किती, तिकडे ताप येतो का, सगळं विचारलं.

"कुठे निघालात?"

"भावाकडं जी."

"काही कार्य आहे?"

"नाई. घरच्यानं बियाणं आणलं ना मागच्या साली, सोयऱ्याच्या गावातून. यंदा बी परवा अंडे लावले झाडाले. अंडे लागले का मी भावाकडं जाते. दिवाळीले वापस."

"भाऊंनी जायला सांगितलं?"

"तो कायले सांगन? मीच जाते. त्याच्या मनात येते, मले दिसते."

"मग त्यांचं जेवण?"

"माही जाऊ नेते."

मी म्हणालो, "बाई, मी पुन्हा येऊन सांगतो. शपथ घेऊन सांगतो. या खेपेला हसणार नाही."

त्यांनी गाठोडं डोक्यावरून उतरवलं. "आता कोन आयकते, गुर्जी? मागच्या साली मी नव्हती घरी, तं असे कोसे लागले का झाडाले पान दिसत नव्हतं. सारा गाव पाहाले आला." हे सांगताना त्यांच्या तोंडावर अभिमानच होता. नवऱ्याच्या कोशांचा.

गाडीवाल्यानं हाक दिली. बाईंनी गाठोडं माझ्या हातात दिलं, चाकावर पाय ठेवून गाडीत चढल्या आणि नीट बसून झाल्यावर हात पुढे करून ते परत घेतलं.